उरलेल्या तीन पर्यायांचे काय?

'नीट' परीक्षेची तयारी करणाऱ्या बारावीच्या एका विद्यार्थिनीने शिकवणीतली सराव प्रश्नसंचांची वही आम्हांला पाहायला दिली. वही टापटिपीची आहे. प्रत्येक संचाखाली बरोबर उत्तरे, वजा गुण, एकूण गुण आणि लागलेला वेळ यांची नोंद आहे. चुकलेल्या प्रश्नापुढे सरांनी लाल शाईने योग्य पर्यायाचे अक्षर लिहिले आहे. त्यापुढे मात्र काहीच नाही. आमचा आक्षेप आहे तो यालाच.

आधी सरांची बाजू पाहू. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न होते आणि वेळ १८० मिनिटे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. एका प्रश्नाला एकच मिनिट मिळत असेल, तर वेगाचा सराव हवाच. पर्याय वगळत जाण्याची युक्तीही गणिताला धरून आहे. डोळे मिटून उत्तरे दिली तर सरासरीने चार प्रश्नांत एक बरोबर येईल व तीन चुकतील. ४ वजा ३, म्हणजे हाती १ गुण. प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय खात्रीने वगळता आले, तर दोन बरोबर व दोन चूक. ८ वजा २, म्हणजे ६ गुण. हे शिकवण्यात गैर काहीच नाही. संभाव्यतेचा तो चांगला पाठच आहे.

उणीव वेगळीच आहे. वहीतला एक प्रश्न असा: सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती? 'अ' पर्याय होता शून्य. 'क' होता ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने. मुलीने 'क' निवडला होता. उत्तर बरोबर, ४ गुण.

आम्ही तिला विचारले, "चेंडू वर जात असताना त्याच्यावर कोणकोणती बले असतात? हवेचा रोध सोडून दे."

"गुरुत्वबल खाली, आणि हाताने दिलेलं बल वर. ते हळूहळू संपत येतं."

"आणि सर्वोच्च बिंदूवर?"

"तिथे दोन्ही सारखी होतात."

"मग त्वरण शून्य यायला हवं, नाही का?"

ती गोंधळली. जरा वेळाने म्हणाली, "पण उत्तर तर 'क' आहे!"

म्हणजे कागदावर 'क' होता आणि मनात 'अ'. यात तिचा दोष नाही. फेकणाऱ्याने दिलेला जोर वस्तूत साठून राहतो, ही समजूत गॅलिलिओच्या आधी कित्येक शतके विद्वानांचीही होती. हात सुटल्यावर चेंडूवर हाताचे बल उरतच नाही, हे सहज पटणारे नाही.

बहुपर्यायी प्रश्न मुळातच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. १९९२ साली अमेरिकेत हेस्टनीस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी बलाच्या संकल्पनेवर एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यातले चुकीचे पर्याय मुलांच्या नेहमीच्या गैरसमजांवरूनच रचलेले होते. मुलाने कोणता चुकीचा पर्याय निवडला, यावरून तो काय विचार करतो ते कळावे, हा हेतू. त्याच धाटणीचे प्रश्न हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना दिले, तेव्हा अवघड उदाहरणे सोडवणारी मुलेही साध्या प्रश्नांत अडखळली. मग त्यांनी व्याख्यान थांबवून मुलांना शेजाऱ्याशी उत्तराबद्दल चर्चा करायला लावण्याची पद्धत सुरू केली.

साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला "तुला असे का वाटले?" असे विचारणे कठीण असते. मोजक्या मुलांची शिकवणी घेणाऱ्याला ते शक्य असते, आणि नेमकी तीच संधी या वहीत वाया गेलेली दिसते. प्रत्येक संचातले पाचच प्रश्न निवडावेत. त्यांतल्या चुकलेल्यांपुढे 'मला हा पर्याय का पटला' हे मुलाने एका ओळीत लिहावे. बरोबर आलेल्यांत उरलेले तीन पर्याय का चूक ते सांगावे. यात परीक्षेचेही नुकसान नाही. मनातला 'अ' तसाच राहिला, तर प्रश्नाचे रूप बदलताच तो वर येणार आणि गुण वजा होणार.

घटक चाचणीचे पेपर तपासताना आपणही बरोबरची खूण करून पुढे जातो. चेंडूचा हा प्रश्न शिक्षकांनी उद्या वर्गात विचारून पाहावा, आणि 'क' म्हणणाऱ्या मुलांनाही कारण विचारावे. त्या मुलीला ४ गुण मिळाले होते. म्हणूनच तिला कोणी काही विचारले नव्हते.