पत्रिकेतली शिल्लक

बँकेत चिकटलेल्या माणसाला पहिली शिकवण मिळते ती ही, की कागदावरची मोकळी जागा म्हणजे चोराला आमंत्रण. चेकवर रक्कम लिहा, पुढे 'फक्त' लिहा आणि उरलेल्या जागेवर रेघ ओढा! लग्नपत्रिका छापून घेणाऱ्या मंडळींनी ही शिकवण आम्हां कारकुनांपेक्षा जास्त मनावर घेतलेली दिसते.

नमुन्यादाखल समोरचीच एक पत्रिका घ्या. मरून कागद, त्यावर सोनेरी शाई. वर गणपती, दोन्ही बाजूंना कलश, खाली सनई-चौघडा. निमंत्रक अकरा, स्वागतोत्सुक तेवीस, आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली सात. मुहूर्त? तोही आहे. स्वागतोत्सुकांच्या गर्दीत, काकांच्या पाठीमागे अंग चोरून उभा आहे. अशाच एका पत्रिकेच्या भरवशावर आमच्या आत्याबाई लग्नाला पोचल्या, तेव्हा मंडपाचे बांबू सुटत होते.

वास्तविक स्क्रीन प्रिंटिंगची विद्या मूळची काटकसरी. चौकटीवर जाळी ताणायची, नको तिथली भोकं बुजवायची आणि रबरी पट्टीने शाई दाबून कागदावर उतरवायची. १९०७ साली मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने तिचं पेटंट घेतलं. पूर्वी ही जाळी रेशमाची असे, आता पॉलिएस्टरची असते. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट आणि वेगळा हात. रंग वाढला की बिल वाढतं, शिवाय एक रंग दुसऱ्याशेजारी नेमका बसवण्याची कटकट. कागदाचा स्वतःचा रंग तेवढा फुकट मिळतो. पण फुकटच्या वस्तूला विचारतो कोण?

अक्षरांचीही तीच कथा. देवनागरीचा संसार तीन मजली. वर मात्रा-वेलांट्या, मध्ये शिरोरेषेला लोंबकळणारं अक्षर, तळमजल्यावर उकार. दोन ओळींत हवा ठेवली नाही, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत पाय अडकून पडतो. त्यात अक्षर बारीक आणि शाई दाट असली, की व आणि ब यांची पोटं भरून दोघे जुळे भाऊ होतात. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी शीर्षकं रेखाटली. वर्तमानपत्राच्या दाटीवाटीच्या पानातही ती लांबून ओळखू येत, कारण प्रत्येक नावाला आपला चेहरा होता. पत्रिकेत मात्र वधूवरांपेक्षा वेलबुट्टीचाच चेहरा उठून दिसतो.

हे शिकायला मुंबईला जायला नको. आमच्या भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात आंधळगाव आहे. कोसा विणणाऱ्यांचं गाव. नाव आंधळगाव, पण नजर डोळस! करवती काठाची कोसा साडी एकदा नीट पाहा. सगळं अंग कोशाच्या मूळच्या मधाळ रंगाचं, साधं. आणि काठाला करवतीच्या दात्यांची रांग. अंग शांत आहे म्हणून काठ बोलतो. तीच करवत साडीभर फिरवली असती, तर नेसणारीला सुतारकामाच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटलं असतं. रेशीम हाती धरणाऱ्यांना जे कळलं, ते रेशमी जाळीच्या वारसांना कळू नये?

पण खरं सांगू, सगळा दोष छापणाऱ्याचा नाही. त्याने चार बोटं जागा कोरी सोडली, तर वधुपिता विचारतो, "काऊन भाऊ, पैसे पूर्ण घेतले ना? मग ही जागा रिकामी काऊन?" आणि वधुपित्याचं तरी काय चुकलं? पत्रिका ही नात्यांची खातेवही. एका जावयाचं नाव राहिलं, की तीन दिवाळ्या अबोला! कोऱ्या जागेचं खरं भाडं छापखान्यात नाही, सोयरिकीत भरावं लागतं.

म्हणून माझी सूचना जमाखर्चाची आहे. नावांची यादी आतल्या वेगळ्या पानावर जाऊ द्या, खुशाल पन्नास नावं छापा, कोणाचा मान कमी होत नाही. दर्शनी पानावर मात्र वधूवर, तारीख, मुहूर्त आणि ठिकाण एवढंच ठेवा, फिक्या कागदावर, एका गडद शाईत, ठसठशीत. बाकीची जागा शिल्लक टाका. खातेदार पासबुकात तोच रकाना आधी बघतो.

मग आत्याबाईंना चष्मा सापडला नाही तरी चालेल. त्या अक्षता टाकायला वेळेवर पोचतील.