उरलेल्या डब्यांचा हिशेब

आपत्तीत सापडलेल्या किशोरवयीन नायकाने मोठ्यांच्या मदतीवाचून तगून राहावे, या एका कल्पनेवर गेल्या चार दशकांत, विशेषतः अमेरिकेत, कादंबऱ्यांचे एक स्वतंत्र दालन उभे राहिले आहे. विमान कोसळते, ज्वालामुखी फुटतो, नळ कोरडे पडतात किंवा चंद्र आपली कक्षा सोडतो. कारण काहीही असो, थोड्याच पानांत वीज, दुकाने, शाळा आणि बहुधा आईवडीलही कथेतून बाजूला होतात. बारा ते अठरा वयाचे वाचक अशा पुस्तकांकडे का ओढले जातात, या प्रश्नाला ‘थरार’ हे उत्तर ठरलेले आहे. पण या प्रकारातील चांगल्या कादंबऱ्या नीट वाचल्या, तर थराराची पाने त्यांत थोडी आणि सरपण, पाणी व उरलेले डबे यांच्या हिशेबाची पाने कितीतरी अधिक असल्याचे दिसते, आणि त्यांचे खरे आकर्षणही बहुतांशी या हिशेबातच आहे.

या कथांचे मूळ अर्थातच डॅनिएल डिफोच्या १७१९ सालच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’मध्ये आहे. निर्मनुष्य जागी अडकलेल्या माणसाने हाताशी असेल त्यातून संसार मांडण्याच्या कथेला योहान गॉटफ्रीड श्नाबेल या जर्मन लेखकाने १७३१ मध्ये ‘रॉबिन्सोनाड’ असे नाव दिले, आणि रूसोने १७६२ च्या ‘एमिल’मध्ये मुलाच्या हाती प्रथम देण्याजोगे पुस्तक म्हणून क्रूसोचीच निवड केली, म्हणजे प्रौढासाठी लिहिलेली ही कथा वाढत्या वयाच्या वाचकाची आहे, हे फार पूर्वीच ओळखले गेले होते. ज्यूल व्हर्नने, ज्याचे साहित्य मराठीत आणण्याचे श्रेय मुख्यतः भा. रा. भागवत यांना जाते, १८८८ मध्ये शाळकरी मुलांनाच बेटावर सोडले, आणि १९५४ मध्ये विल्यम गोल्डिंगने तीच मांडणी उलटवून मुलांच्या बेटावर रक्तपात दाखवला. गोल्डिंगची कादंबरी शाळांतून अभ्यासली जात राहिली; तरी किशोरांसाठी लिहिणाऱ्यांनी पुढे वाट धरली ती क्रूसोची.

त्या वाटेवरचा आधुनिक टप्पा म्हणजे गॅरी पॉलसन यांची १९८७ सालची ‘हॅचेट’. लहानशा विमानाचा वैमानिक हृदयविकाराने मरण पावतो, विमान कॅनडाच्या जंगलातील तळ्यात उतरते आणि तेरा वर्षांच्या ब्रायनजवळ आईने भेट दिलेल्या हातकुऱ्हाडीखेरीज काहीही उरत नाही. अंधारात साळिंदरावर फेकलेली कुऱ्हाड दगडावर आपटून ठिणग्या उडतात, आणि त्या ठिणग्यांपासून विस्तव करता येईल हे त्याला नंतर सुचते; मग सुके गवत पेटत नाही, खिशातली वीस डॉलरची नोट फाडून केलेले तुकडेही पेटत नाहीत, शेवटी बर्चच्या सालीचे केसासारखे बारीक धागे काढल्यावर ठिणगी धरते आणि तीही फुंकर घातल्यावरच. एवढ्या साध्या कृतीला पॉलसन यांनी दिलेली पाने हे त्या पुस्तकाचे मर्म आहे, कारण शाळेत चुकलेल्या उत्तराला गुण कमी मिळतात आणि इथे चुकलेल्या उत्तराला रात्रभर थंडी मिळते. आपल्या निर्णयाचा परिणाम इतका थेट अनुभवण्याची संधी त्या वयाला एरवी क्वचितच लाभते. चोपन्न दिवसांनी ब्रायनची सुटका होते, पण ती फार लवकर झाली, खरा हिवाळा तर यायचाच होता, अशी तक्रार वाचकांनी पत्रांतून केली आणि पॉलसन यांना १९९६ मध्ये, ब्रायन सापडलाच नसता तर काय झाले असते, अशी कल्पना करून ‘ब्रायन्स विंटर’ लिहावी लागली. नायकाची सुटका वाचकालाच नको असणे, ही गोष्ट या प्रकाराविषयी पुष्कळ समीक्षेपेक्षा अधिक सांगून जाते.

सुझन बेथ फेफर यांच्या २००६ सालच्या ‘लाइफ ॲज वी न्यू इट’ने ही कथा जंगलातून घरात आणली, आणि हा बदल मोठा होता. लघुग्रहाच्या आघाताने चंद्र पृथ्वीजवळ सरकतो, भरतीच्या लाटा किनारे गिळतात, ज्वालामुखी जागे होऊन राखेने सूर्य झाकला जातो. खगोलशास्त्राच्या दृष्टीने यातले बरेचसे तकलादू आहे, पण कादंबरी आकाशाकडे फारशी पाहतच नाही. पेनसिल्व्हेनियातील सोळा वर्षांची मिरांडा रोजनिशी लिहिते, आणि त्या रोजनिशीतील सर्वांत जिवंत प्रसंग म्हणजे बाजारहाट: दुकानात किमती पाहण्याची सोय उरलेली नाही, शंभर डॉलर रोख मोजले की भरेल तेवढी ढकलगाडी आपली, आणि आई सगळ्यांना कामे वाटून देऊन गाड्यांमागून गाड्या भरून आणते. पुढे घरातील माणसे एकेक खोली बंद करत लाकडाच्या शेगडीभोवती गोळा होतात आणि दिवसाची जेवणे कमी होत जातात. सर्वांत धाकट्या भावाने मात्र पोटभर खावे, कारण शेवटी कोणी वाचलेच तर तो वाचावा, हा हिशेब कोणी फारसे न बोलता सर्वांना उमगतो. किशोरवयीन वाचकाला घरातल्या मोठ्यांचे व्यवहार एरवी दाराआडून ऐकू येतात. इथे तो त्या व्यवहारात बरोबरीचा भागीदार असतो.

या हिशेबाची दुसरी बाजू मात्र दुर्लक्ष करण्याजोगी नाही. आधी आपले घर, मग बाकीचे, असे मिरांडाची आई तिला बजावते आणि कादंबरीही बव्हंशी तिच्याच बाजूने उभी राहते. शेजारची म्हातारी तेवढी घरच्यांत धरली जाते, बाकी गाव धूसरच राहते. आणि अखेर मदत येते ती नगरपालिकेत वाटल्या जाणाऱ्या अन्नाच्या रूपाने, म्हणजे ज्या सार्वजनिक व्यवस्थेकडे कादंबरीने एवढी पाने पाठ फिरवली होती तिच्याच हातून. फेफर यांना ही उणीव जाणवली असावी, कारण २००८ च्या ‘द डेड अँड द गॉन’मध्ये तीच आपत्ती त्यांनी न्यूयॉर्कमधील प्वेर्तो रिको वंशाच्या, कोठीघर नसलेल्या कुटुंबावर आणली. तेथे ॲलेक्सला बहिणींचे पोट भरण्यासाठी रस्त्यावरील प्रेतांच्या अंगावरच्या वस्तू काढून त्यांवर अन्न मिळवावे लागते. ते पुस्तक पहिल्याइतके घरगुती ऊब देणारे नाही, पण अधिक प्रामाणिक आहे.

येलोस्टोनचा महाज्वालामुखी फुटल्यावर आयोवाच्या राखेतून वाट काढणाऱ्या मुलाची माइक मुलिन यांची ‘ॲशफॉल’ (२०११) यंत्रांत हात घालणाऱ्या डार्लाच्या व्यक्तिरेखेमुळे लक्षात राहते. पुढच्या भागात नरभक्षक टोळ्या अवतरतात आणि कारागिरीची जागा पाठलाग घेतो. लॉरेन टार्शिस यांच्या, लहान वाचकांसाठी असलेल्या, ‘आय सर्व्हाइव्ह्ड’ मालिकेत तर आपत्ती दर खेपेस बदलते आणि साचा तोच राहतो. या सगळ्या स्वावलंबनाला गुडरून पाउझेवांग या जर्मन लेखिकेने फार आधीच छेद दिला होता. चेर्नोबिलच्या दुसऱ्या वर्षी, १९८७ मध्ये, आलेल्या ‘दी वोल्के’ या कादंबरीत अणुभट्टीचा अपघात होतो आणि चौदा वर्षांच्या यान्ना-बेर्टाला कोणतेही कौशल्य उपयोगी पडत नाही, कारण किरणोत्सर्गापुढे हिशेब मांडण्यासारखे काही उरतच नाही. केस गळालेले डोके झाकायला ती नकार देते, आणि तिच्या हाती राहिलेली कृती एवढीच.

नील शुस्टरमन आणि त्यांचा मुलगा जॅरड यांची ‘ड्राय’ (२०१८) ही या दोन टोकांच्या मधली, आणि अलीकडच्या पुस्तकांत बहुधा सर्वांत महत्त्वाची. शेजारच्या राज्यांनी पाणी अडवल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियाचे नळ एके दिवशी बंद होतात. बाटल्या संपलेल्या दुकानात अलिसाला बर्फाची आठवण होते आणि पाणी ती गोठलेल्या रूपात घरी नेते. शेजारच्या केल्टनचे घर मात्र आपत्तीसाठी वर्षानुवर्षे तयारी करत आलेल्यांचे आहे, साठ्याने आणि कड्याकुलपांनी सज्ज. आणि त्या किल्ल्याच्या भिंतींनीच त्या घराचा घात होतो. फेफर यांनी गृहीत धरलेल्या नीतीची झडती शुस्टरमन पितापुत्रांनी घेतली आहे, जरी उत्तरार्धातील मोटारींच्या धावपळीत तिची धार कमी होते.

‘ड्राय’ मराठी वाचकाच्या हाती पडली तर तिचा पहिलाच धक्का बसेलच असे नाही, कारण त्या धक्क्यासाठी नळाला चोवीस तास पाणी असण्याची सवय लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा तिथल्या किशोरवयीन मुलांना टँकरची वेळ, हंड्यांची रांग आणि आदल्या दिवशीचे पाणी कशाला वापरायचे याचे नियम पाठ होते. मराठीत आपत्तीची कथा आहे. जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’मध्ये मुंबईवर बर्फ पडते, पण तिचा नायक शास्त्रज्ञ आहे, तर भागवतांचा फास्टर फेणे मुलगा असला तरी त्याचे साहस बहुधा चोर-भामट्यांच्या मागावरचे. टंचाई ही अचानक कोसळलेली घटना नसून दर उन्हाळ्याचे वेळापत्रक असेल, तर तिची कादंबरी सुटकेकडे धावू शकत नाही. अमेरिकी लेखकांनी घडवलेला कथेचा आराखडा मराठीत जसाच्या तसा आणता न येण्याचे एक कारण हे असावे, आणि ब्रायनची सुटका नको असणाऱ्या वाचकांना तशी कादंबरी कदाचित अधिक रुचलीही असती.