एकच पत्ता, दोन वाटा: व्हीसॉकचा कोड वाचताना

मध्यंतरी माझ्याच एका छोट्या प्रोग्रामने मला दोन दिवस छळलं. काम साधं होतं. व्हर्च्युअल मशीनच्या आत बसून ५ क्रमांकाच्या पत्त्यावर जोडणी मागायची. त्या पत्त्यावर कुणी नव्हतंच. चूक नीट पकडली जाते का, एवढंच बघायचं होतं. सोमवारी प्रोग्राम दोन सेकंद थांबला आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणाला. मंगळवारी तोच प्रोग्राम, तोच कर्नल, तोच पत्ता, पण उत्तर आलं लगेच, आणि तेही वेगळं: ‘नो सच डिव्हाइस’. मधल्या वेळात मी एकच गोष्ट केली होती. त्या मशीनच्या पोटात आणखी एक मशीन सुरू केली होती, वेगळ्याच प्रयोगासाठी. तिचा क्रमांक ५ नव्हता. ती बंद केली तरी मंगळवारचंच उत्तर येत राहिलं!

शेवटी शोधाशोध सोडली आणि लिनक्स ६.६ चा कोड उघडला. आजची पोस्ट त्या कोडवरची टीका आहे. ती कळायला थोडी ओळख लागेल, तेवढी करून देतो.

होस्ट आणि त्यावर चालणाऱ्या गेस्ट मशीन यांना आपसात बोलायचं असेल तर नेहमीचा उपाय म्हणजे नेटवर्क. पण त्यासाठी गेस्टमध्ये नेटवर्क कार्ड, आयपी पत्ता, फायरवॉलचे नियम हे सगळं आलं, आणि गेस्टच्या मालकाने त्यातलं काही बदललं की तुमचं बोलणं बंद. म्हणून व्हीसॉक. प्रोग्रामच्या दृष्टीने हे नेहमीचंच सॉकेट, फक्त आयपीच्या जागी एक साधा आकडा असतो. त्याला सीआयडी म्हणतात. १ म्हणजे मी स्वतः, २ म्हणजे होस्ट, ३ पासून पुढे गेस्ट. व्हीएमवेअरने हे काम २०१३ मध्ये लिनक्स ३.९ मध्ये आणलं, २०१६ मध्ये ४.८ मध्ये व्हर्टआयओची आवृत्ती आली, आणि पुढच्या वर्षी हायपर-व्हीची. फोल्डरच्या नावात अजून व्हीएमवेअरची आद्याक्षरं आहेत, वडिलोपार्जित घरावरच्या जुन्या पाटीसारखी.

आधी कौतुकाचं बोलू, कारण ते खरंच आहे. व्हर्टआयओ व्हीसॉकच्या प्रत्येक निरोपावर ४४ बाइटचं हेडर असतं, आणि त्यातले शेवटचे दोन आकडे मला फार आवडतात. एक सांगतो, ‘माझ्याकडे एकूण एवढी जागा आहे’. दुसरा सांगतो, ‘तू पाठवलेल्यातलं मी आतापर्यंत एवढं संपवलं’. पाठवणारा या दोन्हींवरून स्वतःच हिशेब करतो की अजून किती पाठवता येईल. किराणा दुकानातली उधारीची वही जशी दोन्ही बाजूंना दिसावी, तसं. निरोप हरवण्याची सोयच नसल्यामुळे टीसीपीतली पुन्हा पाठवण्याची सगळी यातायात इथे नाही. विनाकारण काही नाही, आणि हवं ते आहे.

माझं भांडण आहे ते वाट ठरवण्याशी.

तुमची मशीन सर्वांत वर किंवा सर्वांत खाली असेल तर प्रश्नच नाही. पण ती मधली असेल, म्हणजे ती कुणाची तरी गेस्ट आहे आणि तिच्या पोटातही गेस्ट आहेत, तर ५ या आकड्याचा अर्थ काय? वर जायचं की खाली? जिन्यातल्या मधल्या मजल्यावर उभ्या असलेल्या शिपायाला कुणीतरी नुसतं ‘पाच नंबरला दे’ म्हणावं, तशी ही परिस्थिती.

कोडमधलं उत्तर काही ओळींचं आहे. पत्ता स्वतःचाच असेल तर निरोप बाहेर जात नाही. पत्ता २ किंवा त्याहून लहान असेल तर वर. बाकी सगळं खाली. इथवर ठीक. पण त्याच अटीत आणखी एक तुकडा जोडलेला आहे: खाली नेणारा ड्रायव्हर हजर नसेल, तर तेही वर पाठव.

माझे दोन दिवस या तुकड्यात गेले. सोमवारी खाली नेणारा ड्रायव्हर लोड झालेला नव्हता, म्हणून ५ साठीचा निरोप वर होस्टकडे गेला. होस्टचा ड्रायव्हर प्रत्येक निरोपावर दोन गोष्टी तपासतो: पाठवणारा म्हणजे हाच गेस्ट ना, आणि पत्ता २ च आहे ना. माझा पत्ता ५. त्याने निरोप गुपचूप टाकून दिला, आणि माझा प्रोग्राम दोन सेकंदांची ठरलेली मुदत संपेपर्यंत बसून राहिला. मंगळवारी आतली मशीन सुरू करताना ड्रायव्हर लोड झाला. निरोप खाली वळला, यादीत ५ सापडला नाही, लगेच नकार. मशीन बंद केली तरी ड्रायव्हर काही आपोआप उतरत नाही, म्हणून वाट बदललेलीच राहिली.

तुम्ही म्हणाल, दोन दिवस गेले तर गेले, एवढं काय त्यात. बरोबर. पण हाच प्रसंग जरा वेगळा करून बघा. मधल्या मशीनमधला प्रोग्राम पोटातल्या ५ क्रमांकाच्या मशीनची वाट बघतोय आणि दर सेकंदाला जोडणी मागतोय. ही पद्धत सर्रास वापरली जाते. ती मशीन सुरू व्हायच्या आधीच्या सगळ्या हाका वर जातात. वरचा होस्ट लिनक्सचा नेहमीचा ड्रायव्हर वापरत असेल तर त्या टाकून देईल. पण होस्टवर शेजारच्या मशीनकडे निरोप पोहोचवणारी व्यवस्था असेल, किंवा होस्टच विश्वासाचा नसेल, तर ५ म्हणून भलतंच कुणीतरी उत्तर देईल आणि प्रोग्राम त्याला आपलाच समजून बोलायला लागेल. आता ‘कॉन्फिडेन्शियल’ मशीनचा जमाना आहे, आणि तिथे होस्टवर विश्वास ठेवायचा नाही हेच पहिलं गृहीतक असतं. अशा ठिकाणी ‘खालची वाट सापडली नाही, म्हणून वर दिलं’ हे चालण्यासारखं नाही. ‘वाट नाही’ असं सरळ सांगायला हवं.

यावर उपाय म्हणून पत्त्यात एक खूण आहे: ‘हे वरच पाठव’. ती ५.११ मध्ये आली, आणि तिची गरज अॅमेझॉनच्या नायट्रो एन्क्लेव्हसारख्या मांडणीतून निघाली. तिथे एन्क्लेव्ह आणि तिची मूळ मशीन या खरं तर शेजारी आहेत, आणि मूळ मशीनचा क्रमांक ३ आहे. गंमत अशी की ‘वर’ म्हणायला खूण आहे, ‘खालीच’ म्हणायला नाही. माझ्या अडचणीला नेमकी दुसरी खूण हवी होती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ५.५ आधी एका वेळी एकच वाहक ड्रायव्हर लावता येई. मशीनच्या पोटात मशीन चालावी म्हणून स्तेफानो गार्झारेल्ला यांनी अनेक वाहकांची सोय केली, आणि ती गरज खरी होती. सॉकेट तयार होताना पत्ता माहीत नसतो, म्हणून वाहक जोडणीच्या वेळीच ठरणार, हेही मान्य. पण त्यासोबत अशीही मुभा राहिली की पहिली जोडणी फसली, तर त्याच सॉकेटवर दुसरा पत्ता देऊन वाहकच बदलायचा. जुना वाहक आपली मेमरी सोडतो, नवा आपली घेतो. चालत्या एसटीचा ड्रायव्हर बदलण्याचा हा प्रकार.

परिणाम नोंदलेले आहेत. २०२१ मध्ये अलेक्झांडर पोपॉव्ह यांनी सीव्हीई-२०२१-२६७०८ उघड केलं. एकाच सवयीच्या पाच जागा होत्या: सॉकेटचं कुलूप लावण्याआधीच वाहक कोण हे टिपून ठेवायचं. सरकारी कचेरीत टेबल नंबर चिठ्ठीवर लिहून रांगेत उभं राहावं, आणि आपला नंबर येईपर्यंत ते टेबलच उचलून नेलेलं असावं, तसं. साध्या वापरकर्त्याला यातून रूट होता येत होतं. दुरुस्ती म्हणजे त्या ओळी कुलपाच्या पुढे सरकवणं. सीव्हीई-२०२५-२१७५६ पुन्हा तिथलंच: वाहक बदलताना सॉकेटची यादीतली नोंद निघून जाई, मोजणी एकने चुके, आणि वापरात असलेली मेमरी मोकळी होई. दोन्ही वेळा चूक दुरुस्त झाली, पण मुभा तशीच राहिली. मला तरी तिची गरज कळत नाही. नवं सॉकेट उघडायला असा काय खर्च येतो? फसलेल्या सॉकेटला दुसऱ्या वाहकाकडे जायला बंदी घातली असती, तर कुणाचं काही अडलं असतं असं वाटत नाही.

तुलनेला फायरक्रॅकर बघा. तिथे होस्टच्या बाजूला व्हीसॉकचा कर्नल ड्रायव्हरच नाही. प्रत्येक मशीनसाठी होस्टवर एक युनिक्स सॉकेटची फाइल असते. ती उघडायची, ‘कनेक्ट’ आणि पोर्टचा आकडा लिहायचा, की जोडणी झाली. कुठल्या मशीनशी बोलायचं हे फाइलच्या नावावरून ठरतं, त्यामुळे दोन मशीनचे सीआयडी एकच असले तरी गोंधळ नाही, आणि कोण कुणाशी बोलू शकतं हे फाइलच्या परवानग्यांवरून दिसतं. थोडा वेग जातो, कारण प्रत्येक बाइट यूजरस्पेसमधून फिरतो. वेगासाठी कर्नलमधली वाट घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, माझ्याही मोजमापांना ती लागते.

सध्या मी एवढंच केलंय: प्रयोग सुरू करणाऱ्या स्क्रिप्टची पहिली ओळ खालचा ड्रायव्हर लोड करते, आतली मशीन त्या दिवशी लागणार असो वा नसो. सोमवारचे आकडे मात्र पुन्हा घ्यावे लागले. त्यातले दोन तक्ते प्रकरणाच्या मसुद्यातून काढले, आणि गाइडना त्याचं कारण समजावण्यात बुधवारही गेला.