जटायूच्या गोष्टीतल्या गाळलेल्या जागा

मुलांना जटायूची गोष्ट सांगताना आपण फार घाई करतो. रावण येतो, सीतेला पळवतो, जटायू आडवा येतो, त्याचे पंख छाटले जातात, की आपण निघालो लंकेकडे. वाल्मीकींना अशी घाई नाही. त्यांच्या अरण्यकांडातला हा भाग सावकाश वाचला, तर मुलांना गिधाडाची ओळख करून द्यायला याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही.

झाडावर पेंगत बसलेला हा साठ हजार वर्षांचा म्हातारा सीतेची हाक ऐकून जागा होतो. मी वृद्ध, तू तरुण, तुझ्याजवळ रथ, चिलखत आणि धनुष्य आहे, हे तो रावणाला स्वतःच ऐकवतो आणि तरीही भिडतो. धनुष्य मोडतो, रथाची गाढवं मारतो. इथे कवीने त्याला गरुडाच्या नखांचं बळ दिलं आहे. खऱ्या गिधाडाचे पाय भक्ष्य पकडण्याचे नसतात. जमिनीवर चालायला आणि मेलेल्या जनावरावर रोवून उभं राहायला ते असतात. खरी ताकद चोचीत आणि मानेत. मुलांना हेही सांगावं, गोष्टीची गोडी त्याने कमी होत नाही.

या कथेतला सर्वांत मोठा क्षण मात्र आपण हमखास गाळतो. सीतेला शोधणाऱ्या रामाला रक्ताने माखलेलं गिधाड दिसतं आणि त्याची खात्रीच पटते की यानेच सीतेला खाल्लं. हा गिधाडाच्या रूपातला राक्षस आहे असं म्हणून तो त्याच्यावर बाण रोखतो. साक्षात राम! गिधाड आणि रक्त एकत्र दिसलं की आपल्या मनात जे येतं, तेच त्याच्याही मनात आलं. मग जटायू रक्त ओकत बोलतो, आणि रामाच्या हातचं धनुष्य गळतं. तो त्या पक्ष्याला मिठी मारतो. सीतेच्या हरणापेक्षाही याच्या मरणाचं दुःख मोठं, असं म्हणतो. लक्ष्मणाकडून लाकडं आणवतो, चिता रचतो, गोदावरीवर जाऊन तर्पण करतो. बाणापासून चितेपर्यंतचा हा प्रवास किती थोड्या श्लोकांत होतो! गिधाड बघून नाक मुरडणाऱ्या मुलाला रामाचा हा गैरसमज आधी सांगावा. मग त्याला स्वतःची लाज वाटत नाही, आणि पुढचं तो कान देऊन ऐकतो.

दुसरी गाळलेली जागा किष्किंधाकांडात आहे. जटायूचा थोरला भाऊ संपाती वानरांना आकाशाचे मजले समजावतो: सर्वांत खाली दाणे टिपणारे, वर फळं खाणारे, मग क्रौंच, चौथ्यावर ससाणे, पाचव्यावर गिधाडं, त्यांच्या वर हंस आणि शेवटी गरुड. हे लिहिणाऱ्याने मान वर करून आकाश पुष्कळ पाहिलं असणार. 1973 साली आयव्हरी कोस्टवर अकरा किलोमीटरहून अधिक उंचीवर एक आफ्रिकन गिधाड विमानाला धडकलं होतं. या दोन गोष्टी एकत्र ऐकल्या की मुलं हरखून जातात.

एवढ्या उंचीवरच्या पक्ष्याला खाली आणलं ते गुरांच्या दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅक या औषधाने. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. 1992 ते 2007 या काळात भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारातलं जेमतेम एक उरलं. 2004 मध्ये कारण उघड झालं, 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली; मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय हाताशी होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणा वनविभागासोबत पिंजोरला जे प्रजनन केंद्र चालवलं, त्याचं नावच जटायू. तिथली पिल्लं 2024 मध्ये आपल्या पेंच आणि ताडोब्यात आणली गेली.

आणि नाशिककरांना तर लांब जायलाच नको. जटायू जिथे पडला असं मानतात ते टाकेद इगतपुरी तालुक्यात, आणि लांब चोचीची जिवंत गिधाडं त्र्यंबकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर. हिवाळ्यात मुलांना दोन्हीकडे न्यावं. कड्यावरचे विष्ठेचे पांढरे ओघळ दाखवले की घरटं कुठे आहे ते मुलं स्वतःच शोधतात. दुर्बीण न्यावी, कड्याच्या जवळ मात्र जाऊ नये. जोडी वर्षाला एकच अंडं घालते.