सत्यान्वेषी आणि आमचे गुप्तहेर

रहस्यकथा दुसऱ्यांदा वाचता येते काय, हा प्रश्न गेल्या पावसाळ्यात माझ्यापुढे उभा राहिला. कोलकात्यास पाऊस लागला की कॉलेज स्ट्रीटवरील जुन्या पुस्तकांच्या दुकानांवर मेणकापडे ओढली जातात आणि गिऱ्हाइकास घरी जे असेल त्यावरच भागवावे लागते. माझ्या घरी शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या व्योमकेश-कथा होत्या, सत्यजित राय यांच्या फेलुदाचे काही भाग होते, आणि एका स्नेह्याने मुंबईहून आणून दिलेल्या बाबूराव अर्णाळकरांच्या सात-आठ पुस्तिका होत्या. यांतील बहुतेक सर्व मी पूर्वी वाचलेले होते. खुनी कोण हे मला ठाऊक होते. तरीही काही पुस्तके मी शेवटपर्यंत वाचली आणि काही वीस पानांनंतर मिटून ठेवली. या फरकाचे कारण शोधण्याच्या खटपटीतून प्रस्तुत लेख जन्मास आला आहे. वाचकाच्या माहितीसाठी एवढे सांगून ठेवतो की खुन्याचे नाव मी कोठेही फोडणार नाही. समीक्षकासही काही सभ्यता पाळाव्या लागतात.

मराठी वाचकास व्योमकेश परका नाही. १९९३ मध्ये बासू चटर्जी यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या मालिकेमुळे रजित कपूर यांचा चेहरा आणि व्योमकेशचे नाव आपल्याकडे घरोघर पोहोचले. परंतु या लेखकाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध फारसा कोणाच्या ध्यानात राहिलेला नाही. १८९९ मध्ये जौनपुरास जन्मलेले शरदिंदु १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजमध्ये पटकथा लिहिण्यासाठी मुंबईस आले, १९५२ मध्ये पुण्यास स्थायिक झाले आणि १९७० मध्ये निधन पावले. शिवाजीच्या काळातील सदाशिव नावाच्या मुलाच्या गोष्टी त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. व्योमकेशच्या पूर्ण झालेल्या कथा बत्तीस. त्यांपैकी पहिल्या दहा १९३२ ते १९३६ या काळातल्या आहेत. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे व्योमकेशने विश्रांती घेतली, आणि १९५१ मधील 'चित्रचोर'पासून तो पुन्हा कामास लागला. म्हणजे बंगाली साहित्यातील या सर्वांत लोकप्रिय शोधकाच्या दोनतृतीयांश कथा लेखक महाराष्ट्रात राहत असतानाच्या काळातील आहेत. आमच्या शेजारी कोण राहून गेले याची आम्हास वार्ताही नव्हती.

या अंतराचा कथांवर परिणाम झाला आहे, असे मला वाटते. आरंभीच्या कथांत कोलकात्याचा रस्ता हाच कथेचा आधार असतो. 'पथेर काँटा'मधील खून भर रहदारीत, चालत्या माणसाच्या छातीत ग्रामोफोनची पिन घुसवून केलेले आहेत. दिव्याचा खांब, सायकलची घंटा, दुकानांची रांग यांच्यावाचून ती कथा उभीच राहू शकत नाही. 'चित्रचोर'नंतर पाहावे तर व्योमकेश वारंवार शहराबाहेर पडलेला दिसतो. कधी तो संथाळ परगण्याकडील गावात हवापालटास जातो, कधी जुन्या किल्ल्यात राहतो, 'चिडियाखाना'मध्ये एका निवृत्त न्यायाधीशाने वसविलेल्या वसाहतीत जातो. लेखक शहर सोडून गेला आणि त्याचा नायकही हळूहळू शहराबाहेरची कामे घेऊ लागला. 'आदिम रिपु'सारख्या कथेत कोलकाता पुन्हा येते, परंतु ते दंग्यांचे, १९४६-४७ चे कोलकाता आहे. दूरवर राहणाऱ्या माणसाच्या मनात जे वर्ष रुतून बसावे, नेमके तेच.

आणि महाराष्ट्र? तो एका कथेत आला आहे. 'शैलरहस्य'मध्ये व्योमकेश पुण्याच्या कामावरून महाबळेश्वरास जातो, सह्याद्रि नावाच्या हॉटेलात उतरतो आणि तेथे जे घडते ते पत्राने अजितला कळवितो. मी ही कथा मोठ्या अपेक्षेने उघडली होती. पदरी निराशा आली, हे कबूल केले पाहिजे. थंडी, धुके, निर्जन खोल्या आणि एक अस्वस्थ आत्मा एवढीच सामग्री येथे आहे. दार्जिलिंगच्या हॉटेलातही हे सर्व जसेच्या तसे घडू शकले असते. पुण्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या लेखकास सदाशिव पेठेतील एखाद्या वाड्याचा, भाऊबंदकीचा, चौकातील विहिरीचा मोह पडू नये याचे नवल वाटते. तथापि या कथेत एक धीट गोष्ट आहे. आयुष्यभर पुराव्यावर विसंबणाऱ्या व्योमकेशला येथे पिशाच्चाकडून आलेली माहिती हाताळावी लागते, आणि लेखक शेवटी त्या पिशाच्चाचा बुद्धिवादी उलगडा करून टाकीत नाही. शरदिंदूंनी बरदा नावाच्या भुतांच्या जाणकारावर स्वतंत्र कथामाला लिहिली होती, तिची छाया येथे आहे. शोधकथेचा करार मोडला म्हणून एखादा कर्मठ वाचक रागावेल. मी रागावलो नाही.

मात्र व्योमकेशचे खरे बळ पुन्हा वाचताना जाणवते ते त्याच्या घरगुती कथांत. 'अर्थमनर्थम्' घ्या. करालीबाबू नावाचे गृहस्थ पदरी बाळगलेल्या नातलगांपैकी आज एकावर रुष्ट होतात, उद्या दुसऱ्यावर, आणि दर वेळी मृत्युपत्र बदलतात. खून होतो तो या मृत्युपत्रांच्या ये-जा मध्ये. ही कथा पहिल्यांदा वाचताना मी खुनाच्या युक्तीत गुंतलो होतो. या वेळी मला त्या घरातील जेवणघर दिसले. जेथे प्रत्येक जण दुसऱ्याच्या पानाकडे पाहतो आणि म्हाताऱ्याच्या भिवईवर ज्याचे भवितव्य अवलंबून आहे असे ते घर.

येथे एक गोष्ट मराठी समीक्षकाने ध्यानात घ्यावयास हवी, आणि माझ्या वाचनात ती कोणी मांडलेली आढळली नाही. बंगालमध्ये वारसाचा कायदा जीमूतवाहनाच्या दायभागाचा. आपल्याकडे विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेचा. दायभागात बाप हयात आहे तोवर वडिलोपार्जित मिळकतीचाही तो पूर्ण धनी असतो, मुलास जन्मतः हक्क मिळत नाही. मिताक्षरेत मूल जन्मास येताच वडिलोपार्जित इस्टेटीत भागीदार होते, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वी त्या एकत्र मिळकतीतील आपल्या हिश्श्याचे मृत्युपत्रही कर्त्यास करता येत नसे. म्हणजे बंगाली बापाच्या हाती मृत्युपत्र हे शस्त्र होते, मराठी बापाच्या हाती ते बोथट होते. स्वकष्टार्जिताची गोष्ट निराळी. आणि निपुत्रिक करालीबाबूंना पुण्यातही मनासारखे मृत्युपत्र करता आले असते, हा आक्षेप मला ठाऊक आहे. परंतु मी कलमाविषयी बोलत नसून भीतीविषयी बोलतो आहे. जेथे पिढ्यानपिढ्या बापाच्या एका सहीने मुलगा रस्त्यावर येऊ शकतो, तेथील वाचकास मृत्युपत्र या शब्दानेच हुडहुडी भरते. आपल्याकडे तंटा व्हावयाचा तो वाटणीचा. तो कोर्टात वीस वर्षे चालतो, त्यात बाप मरतो, वकील मरतात, पण खून सहसा पडत नाही. इंग्रजी शोधकथेतील मृत्युपत्र बंगालात सहज रुजले, आणि मराठीत ते नेहमी उसने वाटत राहिले, याचे एक कारण हे असावे.

दुसरे कारण घराच्या बांधणीत आहे, आणि ते मला अनुवाद करताना सापडले. 'सत्यान्वेषी' ही कथा कोलकात्यातील एका मेसमध्ये घडते. मराठीत मेस म्हटले की दोन वेळच्या जेवणाची खानावळ डोळ्यांपुढे येते. बंगाली मेस ही राहण्याची जागा: गावाकडून नोकरीस वा शिक्षणास आलेले पुरुष एका छपराखाली खोल्या घेऊन राहतात, एकाच पंगतीत जेवतात आणि एकमेकांविषयी त्यांना काडीची माहिती नसते. त्या कथेतील कोकेनचा चोरटा व्यापार आणि खोटे नाव घेऊन आलेला बिऱ्हाडकरू हे सर्व या अनोळखीपणावर उभे आहे. मी एकदा मेसच्या जागी चाळ असा शब्द घालून पाहिला आणि कथा जागच्या जागी कोसळली. गिरगावच्या चाळीत नवा भाडेकरू आला की संध्याकाळपर्यंत त्याचे गोत्र, पगार आणि बायकोचे माहेर तीनही मजल्यांना कळते. तेथे गुपित टिकत नाही; मग गुप्तहेराने करावयाचे काय? अखेरीस मी मेस हाच शब्द ठेवला आणि पहिल्याच परिच्छेदात तिचे वर्णन एका वाक्याने वाढविले. मूळ लेखकाशी ही लबाडीच झाली, परंतु तीवाचून गत्यंतर नव्हते.

अर्णाळकरांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांच्याविषयीचा आपला जुना तुच्छभाव थोडा सैल होतो. गिरगावात चष्म्यांचे दुकान चालविणाऱ्या या लेखकाने हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. १९९६ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या पुस्तकांवर वाचावयास शिकलेल्या किमान दोन पिढ्या महाराष्ट्रात होत्या. प्रतिष्ठित समीक्षेने त्यांना दारात उभे केले नाही, आणि विद्यार्थिदशेत मीही त्या समीक्षेच्याच बाजूस होतो. त्यांचा झुंजार किंवा काळापहाड घरातले गुपित शोधीत बसत नाही. तो कायद्याच्या कडेवरून वा पलीकडून येतो, दुष्टास शासन करतो आणि निघून जातो. चाळीतील वाचकास सर्वांचे सर्व ठाऊक असते, फक्त त्यावर काही करता येत नाही. घरमालक, सावकार, गुंड यांची कृत्ये उघड असतात. त्याला हवा असतो तो हात उगारणारा मनुष्य. अर्णाळकरांनी त्याची ही गरज अचूक ओळखली होती. एवढे मान्य करूनही सांगावयास हवे की मिटून ठेवलेली पुस्तके त्यांचीच होती. वेग हा त्यांचा गुण आहे, आणि शेवट माहीत झाला की वेगास काही प्रयोजन उरत नाही. माणसे येतात ती कथानकाच्या कामासाठी, आणि काम संपताच पुसली जातात. पाऊस कसा पडत होता, मेजावर काय होते, मेलेल्या माणसाची खंत कोणास वाटली, यांतले काहीही मनात राहत नाही.

कायद्याबाहेर जाण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो: व्योमकेशही जातो, पण निराळ्या वाटेने. स्वतःस गोयेंदा म्हणवून घेणे त्याला रुचत नाही. तो सत्यान्वेषी आहे. हा केवळ शब्दाचा नखरा आहे असे मी पूर्वी समजत असे. सत्य शोधणे आणि शिक्षा देणे ही दोन कामे आहेत, व त्यांपैकी पहिलेच आपण पत्करले आहे, असा त्याचा अर्थ आहे. 'आदिम रिपु'मध्ये खुनी सापडतो, त्याचा अपराध निःसंशय सिद्ध होतो, आणि व्योमकेश त्याला पोलिसांच्या हाती देत नाही. ज्या काळ्या पैशासाठी सर्व आटापिटा झाला, त्या नोटा जाळून टाकल्या जातात, आणि बाहेर देश स्वतंत्र होत असतो. प्रथम वाचली तेव्हा ही अखेर मला भावविवश वाटली होती. आता तसे वाटत नाही. ज्या शहरात वर्षभर हजारो माणसे मारली गेली आणि त्यांतील बहुतेकांच्या मारेकऱ्यांस कोणी जाबही विचारला नाही, तेथे एका खुन्यास फासावर चढवून कोणता तोल सावरला जाणार होता? लेखक हा प्रश्न उच्चारीत नाही. तो नोटांना काडी लावतो.

दोषही पुष्कळ आहेत. कामवासना हा आदिम रिपु मानल्यामुळे शरदिंदूंच्या कथांत अनेकदा सुंदर स्त्री ही आपत्तीची सूचना होऊन येते. तिला इच्छा असली की तिची गय नाही, आणि इच्छा नसली की ती सत्यवतीसारखी गृहिणी होते. स्वतः सत्यवती पहिल्या भेटीत केवढी तेजस्वी आहे! आरोपी भावासाठी ती व्योमकेशकडे येते ती कथा आणि पुढे चहाचा पेला घेऊन दारात उभी राहणारी सत्यवती यांत फार अंतर पडले आहे. 'शजारुर काँटा'मध्ये हृदय उजव्या बाजूस असल्यामुळे वाचणाऱ्या माणसाची योजना म्हणजे, माझ्या मते, वाचकाच्या सौजन्याचा गैरफायदा आहे.

फेलुदाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो मुलांच्या 'संदेश' मासिकासाठी १९६५ मध्ये जन्मला आणि त्याच्याकडून इस्टेटी-वासनांचे जग मागणे अन्याय होईल. अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे तो मराठीत सुखाने नांदतो आहे. 'दा' हा दादाचा संक्षेप. मुंबईच्या मराठीत दादा म्हणजे काय हे सर्वांस माहीत आहे, तरी नावात तो अर्थ डोकावत नाही हे भाग्यच. 'कैलासे केलेंकारी'मध्ये राय वेरुळास येतात आणि मूर्तिचोरांचा पाठलाग लेण्यांतून करवितात. तेथील पायऱ्या, खांब, अंधार सर्व अचूक आहे. मात्र ते प्रवाशाचे वेरुळ आहे. संध्याकाळी लेणी बंद झाल्यावर ज्यास तेथेच राहावयाचे असते, अशा माणसाचे नव्हे.

दुसऱ्या वाचनाच्या कसोटीस सर्वांत विलक्षण उत्तर मिळाले ते 'विशुपाल वध' या कथेकडून. शरदिंदूंच्या मृत्यूमुळे ही तेहतिसावी कथा अपूर्ण राहिली. एका नाट्यगृहात 'कीचकवध' या नाटकाचा प्रयोग चालू असताना विशू पाल हा नट मरतो, संशयितांची नावे टिपली जातात, आणि पाने संपतात. मराठी वाचकास हे नाटकाचे नाव वाचून खाडिलकरांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १९०७ चे त्यांचे 'कीचकवध' १९१० मध्ये सरकारने बंद पाडले होते. पुण्यात राहणाऱ्या लेखकाच्या मनात ते होते की विराटपर्वाची कथा बंगाली रंगभूमीसही जवळची म्हणून ती आली, हे ठरविण्यास पुरावा नाही. २०२२ मध्ये अरिंदम शील यांनी या कथेवर बंगाली चित्रपट केला, त्यात अर्थातच खुनी सापडतो. मला त्याची गरज भासली नाही. विशू पालास कोणी मारले हे लेखकाकडून कधीच कळणार नाही हे ठाऊक असून मी ती पाने दोनदा वाचली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या पानावर पोहोचल्यावर, पडदा पडलेल्या त्या रंगमंचाच्या मागे नट आपापसांत काय बोलत असतील, याचाच विचार करीत बसलो.