सच्छिद्र टिटॅनिया आणि पृष्ठभागाचा हव्यास

प्लॅटिनमशी जोडलेल्या टिटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युदग्रावर प्रकाश पाडला असता पाण्याचे विघटन होते, हे फुजिशिमा व होंडा या जपानी संशोधकांनी १९७२ साली दाखवून दिले. प्रकाश-उत्प्रेरणाच्या अभ्यासाला त्यानंतर जो वेग आला तो अद्याप ओसरलेला नाही. उत्प्रेरणाची क्रिया पृष्ठभागावर घडते. तेव्हा पृष्ठभाग वाढविला की क्रियाही वाढेल, आणि पृष्ठभाग वाढविण्याचा सोपा मार्ग म्हणजे कण आतून सच्छिद्र करणे, असा एक तर्क या क्षेत्रात लवकरच रूढ झाला. हा तर्क अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे पुष्कळशा प्रबंधांतील निष्कर्ष डळमळीत पायावर उभे आहेत.

या तर्काचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही अँटोनेली व यिंग यांच्या १९९५ च्या निबंधात एकत्र पाहावयास मिळतात. मोबिल कंपनीच्या संशोधकांनी १९९२ मध्ये सिलिकेटांसाठी जी साच्याची युक्ती प्रसिद्ध केली, ती टिटॅनियमला लागू करणे सोपे नव्हते. टिटॅनियमचे अल्कॉक्साइड पाण्याचा स्पर्श होताच इतक्या त्वरेने अवक्षेपित होते की, साच्याभोवती रचना होण्यास अवसरच मिळत नाही. अँटोनेली व यिंग यांनी अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनच्या योगाने ही घाई आवरली आणि लांब शेपटीच्या फॉस्फेटाचा साचा वापरून षट्कोनी मांडणीची सूक्ष्म छिद्रे मिळविली. पृष्ठक्षेत्रफळ ग्रॅममागे सुमारे २०० चौरस मीटर भरले. तुलनेसाठी नेहमी घेतली जाणारी पी-२५ ही पूड ज्वालेत तयार होते. तिच्या कणांना अंतर्गत छिद्रे नसतात व तिचे क्षेत्रफळ ग्रॅममागे सुमारे ५० चौरस मीटरच असते.

रचनाकौशल्य म्हणून हे काम निःसंशय पहिल्या प्रतीचे होय. परंतु फॉस्फेटाचे डोके टिटॅनियमला घट्ट चिकटलेले असते. भट्टीत साच्याची कार्बनी शेपटी जळून जाते, फॉस्फरस मात्र मागे राहतो. शिवाय छिद्रांमधील भिंती बव्हंशी अस्फटिकी राहतात. स्टोन व डेव्हिस यांनी १९९८ मध्ये या पद्धतीच्या टिटॅनियावर आयसोप्रोपिल अल्कोहोलाचे ऑक्सिडीभवन करून पाहिले, तेव्हा चौपट पृष्ठभागाचा हा पदार्थ पी-२५ च्या कितीतरी मागे पडला.

असे का व्हावे? प्रकाशकण शोषला गेल्यावर इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा, म्हणजे विवर, अशी जोडी निर्माण होते. ही दोन्ही पृष्ठभागापर्यंत पोहोचली तरच रासायनिक क्रिया घडते. वाटेत पुन्हा एकत्र आली तर प्रकाशाची ऊर्जा उष्णतेत वाया जाते. अस्फटिकी भिंत म्हणजे अशा पुनर्मीलनाच्या जागांचे आगरच. ओहतानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच दाखविले होते की, अस्फटिकी टिटॅनियाची क्रियाशीलता जवळजवळ नगण्य असते. बरे, स्फटिकीकरणासाठी तापमान वाढवावे, तर स्फटिक भिंतीच्या जाडीहून मोठे होऊ लागतात आणि छिद्रांची मांडणी कोसळते. जे मिळविण्यासाठी साचा घातला तेच भट्टीत गमवावे लागते. या कोंडीतून वाट काढणे हाच या विषयातील खरा प्रश्न आहे. क्षेत्रफळाचा आकडा हा त्याचा एक अंश मात्र होय.

चेन, कारुसो व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत या दृष्टीने अधिक विचारपूर्वक वाटते. हेक्साडेसिलअमाइनच्या साहाय्याने आधी अस्फटिकी गोल मणी तयार करावयाचे. मग बंद पात्रात, अमोनियायुक्त अल्कोहोल-पाण्यात तापवून त्यांचे अ‍ॅनाटेज स्फटिकांत रूपांतर करावयाचे. भट्टीची पाळी त्यानंतर. येथे छिद्रे म्हणजे स्फटिकांच्या कणांमधील मोकळी जागा असते. क्षेत्रफळ ग्रॅममागे १०८ चौरस मीटरपर्यंतच जाते, पण छिद्रे १४ ते २३ नॅनोमीटर रुंद असतात. हे मणी सौरघटांसाठी योजिले होते, ही गोष्ट अर्थात विसरता कामा नये.

पदार्थ कसा बनवावा याइतकाच तो कसा पारखावा हाही वादाचा मुद्दा आहे, आणि येथील ढिलाई अधिक अक्षम्य आहे. मेथिलीन ब्ल्यूचा निळा रंग फिका पडला की उत्प्रेरण झाले, असा सरसकट निर्वाळा दिला जातो. वास्तविक रंग जाण्याची कारणे अनेक. सच्छिद्र कण तो रंग अंधारातही शोषून घेतात, आणि जितकी छिद्रे अधिक तितके हे अधिशोषण अधिक. म्हणजे ज्या गुणाची परीक्षा घ्यावयाची तोच गुण परीक्षेला फसवितो. ऑक्सिजन अपुरा असल्यास रंगद्रव्याचे क्षपण होऊन ते वर्णहीन बनते आणि हवा लागताच पुन्हा निळे होते. दृश्य प्रकाशात तर रंगद्रव्य स्वतःच प्रकाश शोषून टिटॅनियाला इलेक्ट्रॉन देते व त्या ओघात आपण नष्ट होते. मग दृश्य प्रकाश शोषला तो उत्प्रेरकाने की रंगद्रव्याने? ओहतानी यांच्या गटाने २००६ मध्ये हा आक्षेप निबंधाच्या शीर्षकातच प्रश्नरूपाने घेतला होता. त्यानंतरही निळ्या द्रावणाच्या बाटल्यांची छायाचित्रे पुरावा म्हणून छापली जातात, हे नवल नव्हे काय? बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड किंवा द्रावणात उरलेला एकूण कार्बन मोजल्याखेरीज रेणू खरोखर जळाला की नाही हे समजत नाही. प्रदूषित पाणी शुद्ध करण्याचा दावा असेल, तर ते समजणे अपरिहार्य आहे.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१० मध्ये मेथिलीन ब्ल्यूचीच कसोटी मान्य केली, हे उत्तर अनेकदा पुढे केले जाते. परंतु ती कसोटी पुडीसाठी नसून लेपित पृष्ठभागांसाठी आहे, तिच्यात अतिनील प्रकाश विहित आहे, आणि नमुना आधी अंधारात रंगद्रव्याच्या अधिक तीव्र द्रावणात ठेवून त्याची अधिशोषणाची भूक भागवून घ्यावी असा दंडक आहे. प्रयोगशाळांनी मानकातील रंग तेवढा उचलला, दंडक मात्र पुष्कळांनी तेथेच ठेवला.