विहिरीकाठचा प्रश्न : रमाबाईंचे बायबल-वाचन

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्याविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्याचा मोठा भाग त्यांच्या धर्मांतराभोवती फिरतो. त्यांनी धर्म का बदलला, यावर पुष्कळ वाद झाले. नवा धर्मग्रंथ त्यांनी वाचला कसा, हा प्रश्न मात्र मागे पडला. वास्तविक साहित्याच्या अभ्यासकाला तोच अधिक महत्त्वाचा वाटावयास हवा.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी झुगारून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या मातेने आपल्या मुलीला. वाचनाचा अधिकार स्त्रीला सहजासहजी मिळत नसतो, हे ज्ञान रमाबाईंना घरातूनच लाभले होते. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहम भागात 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांची जोगिणी करीत असलेली सेवा त्यांनी पाहिली आणि या सेवेमागची प्रेरणा कोणती, असे विचारले. उत्तरादाखल त्यांच्यापुढे योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय ठेवण्यात आला. त्यात येशू विहिरीकाठी एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात व्यवहार नाही. शिवाय तिचे पाच पती होऊन गेलेले. ती निमूटपणे ऐकत नाही, उलट प्रश्न विचारते, आणि तिला उत्तर मिळते. पाणवठ्यावरची शिवाशिव पाहिलेल्या वाचकाला या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. प्रश्न मात्र सोडले नाहीत. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात त्या केवळ धर्मपीठ सांगते म्हणून एखादे मत मान्य करीत नाहीत. ग्रंथात ते आपल्याला दिसले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात, दुष्काळातून आणलेल्या मुलींच्या निवाऱ्याशेजारी, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उभे राहिले. फुलहममध्ये वाचलेल्या त्या अध्यायाचे हे आचरणातले भाष्यच म्हणावे लागेल.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, ते मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना ते कळावे, हा हेतू. शब्द त्यांनी साधे निवडले. वाक्यरचना मात्र मुळाला इतकी चिकटून राहते की मराठी वळण जागोजागी अवघडते. हा दोष नाकारण्यात अर्थ नाही. साध्या वाचकासाठी केलेले भाषांतर त्याच वाचकाला अडखळवीत असेल, तर तो उणेपणाच होय.

तरीही या अवघडपणामागे एक नैतिक भूमिका असावी, असे मला वाटते. अर्थ लावून देणारा मध्यस्थ स्त्री आणि ग्रंथ यांच्यामध्ये कसा उभा राहतो, हे रमाबाईंनी दोन्ही धर्मांत अनुभवले होते. म्हणून त्यांनी स्वतः मध्यस्थ होण्याचे टाळले. मूळ जसे आहे तसे पुढे ठेवले आणि विचार वाचणारीवर सोपविला. ओघवते गद्य त्यामुळे हातचे गेले, हे खरे. पण विहिरीकाठच्या त्या स्त्रीला प्रश्न विचारण्याची जी मोकळीक मिळाली होती, तीच त्यांना केडगावच्या मुलीला द्यावयाची होती. या ग्रंथाचे मोल ठरविताना त्यातील भाषेबरोबर ही मोकळीकही हिशेबात धरली पाहिजे.